पायाखालचं १९६५



आजचा भाग ऐकता ऐकता एक छोटंसं काम करा. गाडीच्या कप-होल्डरमध्ये किंवा स्वयंपाकघरातल्या बरणीत जी चिल्लर साठलेली असते ना, त्यातला एक क्वार्टर काढा आणि त्याची कड उजेडात धरून बघा. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध एक तांबूस रेघ दिसेल. तो आतला तांब्याचा गाभा. ही रेघ अमेरिकन नाण्यात १९६५ साली आली. १९६४ पर्यंतच्या क्वार्टरची आणि डाइमची कड सलग पांढरी असायची, कारण ती नाणी ९० टक्के चांदीची होती.

आज मला तुमच्याशी या रेघेबद्दल बोलायचं आहे. ती नाण्यात दिसते तशी आपल्या घराजवळच्या पार्कच्या मातीतही सापडते. आणि आपण मराठी माणसं या देशात एवढ्या संख्येनं कशी आलो, याचा धागाही त्याच सालापाशी जाऊन पोचतो.

गेल्या वसंतात एका शनिवारी माझा एक मित्र आणि मी मध्य न्यू जर्सीतल्या दोन सार्वजनिक पार्कांमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन हिंडलो. मित्र मूळचा सांगलीचा. चार-पाच वर्षांपासून त्याला हा नाद लागलाय. दोन्ही ठिकाणी आधी कचेरीत जाऊन परवानगी काढलेली होती. सकाळी गवतावर दव असताना सुरुवात केली आणि संध्याकाळी कमरेनं असहकार पुकारला तेव्हा थांबलो. एकूण ६३ वस्तू मिळाल्या. त्यातल्या ३५ म्हणजे निव्वळ कचरा: बाटल्यांची बुचं, डब्यांच्या कड्या, फॉइलचे गोळे, गंजके खिळे, तंबूचा एक खुंटा. उरलेली २८ नाणी. बाजारभावानं विचाराल तर आमच्या दोघांच्या दुपारच्या जेवणाचा खर्चही त्यातून निघाला नसता. पण पिकनिकच्या टेबलावर तो ढीग आम्ही सालवारीनं मांडला, तेव्हा शंभरेक वर्षांचा एक अख्खा कालपट समोर उभा राहिला. तोच आज तुम्हाला उलगडून दाखवतो.

आधी थोडं यंत्राविषयी. मेटल डिटेक्टरच्या खालच्या तबकडीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सतत बदलणारी वीज वाहते आणि तिच्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असेल तर त्यात बारीकसे विद्युतप्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि यंत्र ते ओळखतं. चांदी, तांबं, लोखंड, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. म्हणून यंत्र वेगवेगळे सूर काढतं आणि पडद्यावर वेगवेगळे आकडे दाखवतं. पेनीएवढं नाणं साधारण सहा ते आठ इंच खोलीपर्यंत सापडतं, त्याहून खोल असेल तर अवघडच.

या कल्पनेचा पहिला गाजलेला प्रयोग झाला तो एका राष्ट्राध्यक्षाच्या शरीरावर. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीतून आत घुसून राहिली आणि डॉक्टरांना काही केल्या सापडेना. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं धातू शोधण्याचं उपकरण घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. उपकरण चांगलं होतं. पण पलंगाला धातूच्या स्प्रिंगा होत्या, त्यांचा आवाज मध्ये येत होता. शिवाय मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, त्यामुळे बेल यांना तिकडेच शोधायला लावलं. गोळी होती डावीकडे.

शेवटी हवापालट म्हणून गारफिल्ड यांना आपल्या न्यू जर्सीत, लाँग ब्रँचजवळच्या एल्बेरॉनला समुद्रकाठी आणलं. त्यांना हिसके बसू नयेत म्हणून लोकांनी एका रात्रीत बंगल्याच्या दारापर्यंत रूळ टाकले. १९ सप्टेंबरला ते तिथंच गेले. गोळीपेक्षा जखमेत झालेल्या जंतुसंसर्गानं त्यांचा जीव घेतला, असं आज मानलं जातं. यंत्र कितीही हुशार असलं तरी ते कुठं फिरवायचं हे माणूस ठरवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

यंत्राला खरी धार आली ती दुसऱ्या महायुद्धात. जमिनीत पेरलेले सुरुंग शोधणं हे तेव्हा किती जिवावरचं काम होतं, याची एक आठवण आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. १९४१ च्या सुरुवातीला ॲबिसिनियात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सलग चार दिवस सैन्याच्या पुढं राहून ५५ मैलांच्या टापूतली १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी करून घेतली. त्या काळात त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर गेली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच वर्षी पोलंडचे युझेफ कोसात्स्की यांनी ब्रिटनमध्ये एका माणसाला हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक बनवला आणि १९४२ साली एल अलामेनच्या लढाईत तो वापरला गेला. युद्ध संपल्यावर लष्करानं विकायला काढलेली अशी यंत्रं हौशी लोकांच्या हाती पडली. आज पार्कमध्ये कानाला हेडफोन लावून हळूहळू चालणारा माणूस दिसतो, त्याच्या हातातल्या काठीचा वंश असा आहे.

आता मातीकडं वळू. वर पडलेलं नाणं खाली जातं कसं? जड म्हणून रुतत जातं, असं आपल्याला वाटतं. चार्ल्स डार्विन यांनी नेमक्या त्याच १८८१ साली गांडुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. गांडुळं खालची माती खातात आणि तिची विष्ठा वर आणून टाकतात. वर्षानुवर्षं हे चाललं की पृष्ठभागावरच्या वस्तूंवर नवी माती चढत जाते. म्हणजे नाणं बुडतं यापेक्षा माती वर येते म्हणणं जास्त खरं. गवताची मुळं, सडलेला पाचोळा यांचाही त्यात वाटा असतो. मात्र नुसत्या खोलीवरून काळ ठरवता येत नाही. पार्कमध्ये झाडं लावतात, पाण्याचे पाइप टाकतात, कुठून कुठून भराव आणतात. त्यामुळे साल वाचायचं ते नाण्यावरच.

आता आमच्या टेबलावर या.

सगळ्यात जास्त होत्या पेनी. त्यांचेही दोन प्रकार. काही हिरवट पडलेल्या, पण अंगानं धडधाकट. काही मात्र कडेनं खाल्लेल्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या. कारण सोपं आहे. १९८२ मध्ये तांबं महाग झालं म्हणून पेनी जस्ताची करून तिला तांब्याचा पातळ मुलामा द्यायला सुरुवात झाली. मुलामा एकदा का खरचटला, की ओल्या मातीत आतलं जस्त विरघळत जातं. म्हणजे १९५९ ची पेनी १९९९ च्या पेनीपेक्षा ठणठणीत निघते! आता तर पेनी पाडणंच थांबलंय. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पडली. १७९३ पासून चालत आलेली परंपरा संपली, कारण एक सेंटचं नाणं बनवायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता.

त्या ढिगात तीन पेनी निराळ्या होत्या. मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या. १९०९ साली, लिंकन यांच्या जन्मशताब्दीला, हे नाणं आलं आणि ओंब्या १९५८ पर्यंत राहिल्या. लिंकन यांचा तो चेहरा कोरला व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी. ते लिथुएनियातून ऐन तारुण्यात इथं आलेले ज्यू कारागीर. या देशातलं सगळ्यात साधं, सगळ्यांच्या खिशातलं नाणं एका स्थलांतरित माणसाच्या हातचं आहे, हे मुलांना जरूर सांगा.

आमच्या तीन ओंबीवाल्या पेनींपैकी एक १९४४ ची होती. तिच्या आधीच्या वर्षी, १९४३ मध्ये, युद्धासाठी तांबं हवं म्हणून पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची केली होती. ती लोकांना डाइमसारखी दिसायची, गोंधळ व्हायचा, आणि ओल्या मातीत तर ती गंजून जाते. पुढच्या वर्षी तांबं परत आलं. त्यात काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वितळवून वापरल्या, असं सरकारनं सांगितलं. १९४२ ते १९४५ या काळात निकल धातूही युद्धाला लागला, म्हणून पाच सेंटच्या निकलमध्ये ३५ टक्के चांदी घातली गेली. रणांगण हजारो मैल दूर होतं, पण त्याची झळ न्यू जर्सीतल्या पोराच्या खिशापर्यंत आली होती.

कचऱ्यालाही साल असतं बरं का. बिअरच्या आणि सोड्याच्या डब्यांवरची ओढून तोडून टाकायची कडी १९६२-६३ च्या सुमारास आली. लोक कडी तोडून गवतात फेकायचे आणि अनवाणी पाय कापले जायचे. १९७५ पासून डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली आणि हळूहळू जुनी हद्दपार झाली. आम्हाला अशा ११ सुट्या कड्या मिळाल्या, त्यातल्या नऊ एकाच उतारावर. सत्तरच्या दशकात लोक तिथं बसून काहीतरी बघत असणार. खाली बेसबॉलचं मैदान आहे!

दुपारी दोनच्या सुमारास यंत्रानं एक स्वच्छ, उंच सूर दिला. सहा इंचांवर डाइम होता, १९५२ चा. मातीतून निघालेली इतर नाणी काळवंडलेली असतात. चांदी मात्र बोटानं पुसली की लख्ख. पलीकडं कुत्रा घेऊन चाललेल्या आजोबांना तो दाखवला, तर ते म्हणाले, "या पैशात तेव्हा सोडा यायचा, आणि पिशवीभर गोळ्यासुद्धा!"

आता रेघेकडं परत येऊ. साठच्या दशकात चांदीचा भाव चढत होता, कारखान्यांना ती हवी होती आणि नाण्यांची तर देशभर टंचाई होती. नाण्यातली चांदी नाण्याच्या किमतीएवढी होण्याची भीती होती. म्हणून २३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नाण्यांच्या कायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली, मधे तांबं आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकल मिश्रधातू असं सँडविच आलं. पुढं काय झालं? एमबीएच्या वर्गात आम्ही ग्रेशमचा नियम घोकला होता: वाईट पैसा चांगल्या पैशाला बाजारातून हाकलून लावतो. अगदी तसंच झालं. लोकांनी चांदीची नाणी वेचून घरात दडवली आणि काही वर्षांतच ती व्यवहारातून नाहीशी झाली. त्यामुळे पार्कात सापडलेला चांदीचा डाइम दोन्ही टोकांनी काळ सांगतो. तो १९५२ च्या आधी पडलेला नाही, आणि बहुधा १९७० च्या नंतरही नाही.

त्या सहीनंतर बरोबर ७२ दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, त्याच जॉन्सन यांनी आणखी एका कायद्यावर सही केली. ठिकाण होतं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा पायथा. तो होता हार्ट-सेलर कायदा, म्हणजे नवा स्थलांतर कायदा.

त्याआधी आपल्यासाठी दार जवळजवळ बंदच होतं. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानासह आशियाचा मोठा पट्टा वर्ज्य ठरवला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंड अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले होते, तरीही. १९४६ मध्ये नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण येण्याची मर्यादा होती वर्षाला १०० माणसं. साऱ्या भारतासाठी! १९६५ च्या कायद्यानं देशावर ठरणारी ती जुनी वाटणी मोडली आणि शिक्षण, कौशल्य आणि नातेवाईक या वाटांनी दार उघडलं. डॉक्टर आले, इंजिनिअर आले, त्यांच्या मागून भावंडं आली. आमच्यासारखे आयटीवाले ज्या एच-वन-बी व्हिसावर आले, तो १९९० च्या कायद्यातला. पण वाट पडली होती १९६५ मध्ये.

म्हणजे मंडळी, अमेरिकेच्या खिशातून चांदी गेली त्याच वर्षी आपण येण्याची सोय झाली. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग. पण जमीन उकरणाऱ्याला हा योगायोग फार उपयोगी पडतो. कारण चांदीच्या नाण्यांचा काळ म्हणजे सर्वसाधारणपणे आपल्या आधीचा काळ, आणि सँडविचच्या नाण्यांचा काळ तो आपला.

याचा पुरावाही त्याच दिवशी हाती आला. दुसऱ्या पार्कात पिकनिकच्या छपराजवळ एक जुना ओक आहे. त्याच्या सावलीत, जेमतेम तीन इंचांवर, यंत्रानं असा आकडा दाखवला की तो कुठल्याच अमेरिकन नाण्याशी नीट जुळेना. मित्रानं खुरप्यानं गवताचा चौकोन उचलला, माती चाळली आणि एकदम मराठीत ओरडला, "अरे, आपला रुपया!" एका बाजूला सिंहमुद्रा. दुसऱ्या बाजूला १ चा आकडा, दोन्हीकडं धान्याच्या ओंब्या आणि साल १९८४. सालाखाली बारीकसा चौकटीचा ठिपका, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीची खूण. फोर्टमध्ये पाडलेलं नाणं न्यू जर्सीच्या ओकखाली! सकाळच्या पेनीवरही ओंब्या होत्या. दोन्ही नाणी शेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बघत बसलो.

कुणाचा असेल तो रुपया? तमिळ, गुजराती, पंजाबी, कुणाचाही असेल. खिशात चुकून राहिलेला, की पाहुण्या आलेल्या आजीच्या बटव्यातून पडलेला, की मुलांनी नाणेफेकीला घेतलेला? मित्र म्हणाला, "एवढं खरं की आपल्यापैकी कुणीतरी इथं सतरंजी पसरून बसलं होतं." रुपया याहून जास्त काही सांगत नाही. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

वस्तूचं मोल तिच्या धातूत थोडं असतं आणि तिच्या जागेत फार असतं. आपल्या राज्यातलंच मॉनमथचं रणांगण घ्या. २८ जून १७७८ रोजी वॉशिंग्टन यांचं सैन्य आणि ब्रिटिश यांच्यात तिथं दिवसभर लढाई झाली. अलीकडच्या काळात पुरातत्त्वज्ञांच्या बरोबरीनं मेटल डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांनी ती शेतं पिंजून काढली आणि शिशाची प्रत्येक गोळी नेमकी कुठं पडली होती ते नकाशावर मांडलं. डॅनियल सिव्हिलिच यांनी एक सूत्र दिलं: गोळी चेपून वाकडी झालेली असली तरी वजनावरून तिचा मूळ व्यास काढता येतो. ब्रिटिश बंदुकीची गोळी मोठी, फ्रेंच बनावटीच्या बंदुकीची लहान. म्हणजे कुणाची गोळी कुठं पडली, कोण कुठं उभं होतं, हे शेतच सांगू लागलं.

पश्चिमेकडं मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नला १९८३ मध्ये गवताला वणवा लागला आणि जमीन उघडी पडली. १८७६ मध्ये जिथं कस्टरची तुकडी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी संपवली, तेच हे ठिकाण. १९८४ मध्ये तिथं असंच काम झालं. काडतुसांच्या पुंगळ्यांवरच्या खुणा पोलिसांच्या पद्धतीनं जुळवून एकेक बंदूक मैदानात कशी हलत गेली तेही काढता आलं. योद्ध्यांच्या हातात भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुका किती होत्या, तेही दिसून आलं. शेवटच्या माणसापर्यंतच्या शूर प्रतिकाराची जी चित्रं शतकभर भिंतींवर टांगली होती, त्यांना मातीनं प्रश्न विचारले. त्याच पुंगळ्या आधीच कुणी खिशात घालून नेल्या असत्या, तर त्या कुणाच्या तरी कपाटात दिसल्या असत्या छान, पण मुक्या राहिल्या असत्या.

आपल्याकडचं उदाहरण याहून मोठं आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या राजाची मोहोर! असं एखादं सुटं नाणं हाती आलं असतं तर ते गमतीचं ठरलं असतं. हजारो नाणी एकत्र, एका जागी मिळाली म्हणून सातवाहनांच्या विजयाचा तो ढळढळीत पुरावा झाला. सोनाराकडं मूठमूठ करून गेली असती तर?

माझ्या रोजच्या कामात आम्ही म्हणतो, की माहितीपेक्षा माहितीची नोंद जपा: कुठून आली, कधी आली, कुणी भरली. नोंद गेली की उरतो तो नुसता आकडा. म्हणूनच त्या शनिवारी प्रत्येक नाण्यासाठी आम्ही फोनवर जागा टिपली, खोली लिहिली आणि छोट्या पाकिटावर क्रमांक घातला. रुपयाचं पाकीट ५७ नंबरचं.

तुमच्यापैकी कुणाला, विशेषतः मुलांना, हा नाद करावासा वाटला तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. काउंटीचे, गावाचे, राज्याचे नियम वेगवेगळे असतात, म्हणून आधी विचारा आणि शक्य तर लेखी परवानगी घ्या. राष्ट्रीय उद्यानांत मेटल डिटेक्टर वापरायला तर बंदी आहेच, सोबत बाळगायलाही आहे. १९७९ च्या कायद्यानं संघराज्याच्या आणि आदिवासी जमातींच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांना संरक्षण दिलं आहे. खड्डा लहान करा, गवताचा तुकडा तसाच परत बसवा, झाडांची मुळं तोडू नका आणि मिळालेला कचरा पेटीत टाका. काही जुनं, वेगळं वाटलं तर पुढं खणू नका. फोटो काढा, जागा टिपा आणि जाणकाराला कळवा. बेल यांच्या यंत्राची गोष्ट आठवा.

भारतात गेल्यावर मात्र गडकिल्ल्यांवर असले प्रयोग करू नका. तिथं १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आणि आजोबांच्या पेटीतली शंभर वर्षांहून जुनी नाणी सामानातून इकडं आणायचा बेत असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

तुम्ही म्हणाल, आपला इतिहास खरंच १९६५ पासूनच का? तसं नाही. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या आणि आपल्या न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. त्याच वर्षी जानेवारीत एडिसननं त्या गावात खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावून दाखवले होते.  १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडं पाठवल्या गेल्या. त्या आज न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत, वर नावाचा दगड आहे. चांदीच्या नाण्यांच्या काळातली एक मराठी खूण या मातीत आहे, आणि ती आपल्याला ठाऊक आहे कारण कुणीतरी दगडावर नाव कोरलं आणि कुणीतरी पत्रं जपून ठेवली. ओकखालच्या रुपयाला असा दगड नाही.

म्हणून आजचं शेवटचं काम यंत्राशिवाय करायचं आहे. १९६५ च्या कायद्यानंतर जी पहिली मंडळी इथं आली, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडं फोटोंचे अल्बम आहेत आणि बहुतेक फोटोंच्या मागं काही लिहिलेलं नाही. या आठवड्यात त्यांच्यापैकी कुणाला तरी फोन करा. विचारा: काका, काकू, तुमची पहिली सहल कुठल्या पार्कात झाली? पहिला गणपती कुणाच्या तळघरात बसला? हळदीकुंकवाला किती जणी होत्या, आणि फोटोत उजवीकडून तिसऱ्या त्या कोण? मिळेल ते उत्तर फोटोच्या मागं पेन्सिलनं लिहा: जागा, साल, नावं. एका अल्बमला एक संध्याकाळ पुरते. चहा त्याच करतील.

ऐकत राहा, विचारत राहा.